सीएमबीचे ३७० किमी/से, मिलरचे २०८ आणि टेबलावरचा इंटरफेरोमीटर: निरपेक्ष गती खरंच नाही?

खटपट्या (मूळ प्रश्न)

सापेक्षतेवर शंका काढली की "मायकेलसन-मोर्ले वाचा" एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे १८८७ चा तो इंटरफेरोमीटरचा प्रयोग: प्रकाश दोन काटकोनी वाटांनी (भुजांनी) पाठवून परत एकत्र आणायचा, की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात; पृथ्वी ईथरमधून (प्रकाश वाहून नेणारं मानलेलं माध्यम) चालत असेल तर उपकरण फिरवल्यावर हे पट्टे सरकायला हवेत. वाचलं आहे, आणि शंका तिथूनच सुरू होते.

विशेष सापेक्षता सांगते की एकसारख्या सरळ गतीला निरपेक्ष अर्थ नाही. पण वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या (पुढे नुसतं सीएमबी म्हणतो) संदर्भात आपला वेग ३७० किमी/से आहे असं पाठ्यपुस्तकातच छापलेलं असतं, दिशेसकट. अख्ख्या विश्वात भरून राहिलेल्या प्रारणाच्या संदर्भात मोजलेला वेग जर निरपेक्ष नाही, तर निरपेक्ष म्हणायचं तरी कशाला?

दुसरं. १८८७ चा निकाल "शून्य" नव्हता, "अपेक्षेपेक्षा फार कमी" असा होता. डेटन मिलरने माउंट विल्सनवर १९२५-२६ मध्ये हजारो फेऱ्या घेतल्या आणि १९३३ साली ईथरमधल्या वेगाचा २०८ किमी/से हा आकडा छापला. २००२ मध्ये काहिल आणि किट्टो यांनी म्हटलं की भुजांमध्ये हवा असेल तर परिणाम फक्त "अपवर्तनांकाचा वर्ग वजा एक" एवढ्या प्रमाणात दिसतो. हवेसाठी हे ०.०००५८, त्याचं वर्गमूळ ०.०२४. मिलरच्या उपकरणातले ८ किमी/से भागिले ०.०२४ म्हणजे सुमारे ३३३. सीएमबीच्या इतकं जवळ! आणि निर्वातात उत्तर शून्य, म्हणून आजकालचे निर्वातातले प्रयोग काही दाखवत नाहीत. हा सगळा योगायोग?

तिसरं, सान्याकने १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर प्रकाशाच्या दोन दिशांतला फरक दाखवलाच की. मग "प्रकाशवेग सगळीकडे सारखा" याचं काय झालं?

टेबलावरचा मायकेलसन बनवायचा विचार आहे: ३० सेंमीच्या दोन भुजा, हीलियम-निऑन लेझर (६३२.८ नॅनोमीटर), सगळं फिरणाऱ्या पाटावर. ३७० किमी/से खरे असतील तर पट्टे किती सरकायला हवेत? आणि काय काय बिघडतं? कृपया आकड्यांनिशी सांगा, "आइनस्टाइन बरोबर आहे" हे माहीत आहे.

लोलक

सीएमबीचा आकडा कसा निघतो ते आधी बघू, उत्तर तिथेच आहे. या प्रारणाचं सरासरी तापमान २.७२५ केल्विन. आकाशाच्या एका बाजूला ते ३.३६ मिलिकेल्विनने जास्त, बरोब्बर समोरच्या बाजूला तेवढंच कमी. ३.३६ मिलिकेल्विन भागिले २.७२५ केल्विन म्हणजे ०.००१२३, याला प्रकाशवेगाने गुणलं की ३७० किमी/से. दिशा विषुवांश ११ तास १२ मिनिटं, क्रांती उणे ७ अंश (आकाशातले रेखांश-अक्षांश), म्हणजे सिंह आणि चषक यांच्या सीमेजवळ. पृथ्वीच्या कक्षेतल्या ३० किमी/से मुळे या आकड्यात वर्षभर होणारी चढउतारही स्वच्छ दिसते. कोबे आणि प्लांक या उपग्रहांची मोजमापं कॅलिब्रेट करायला तीच वापरली गेली.

आता अँटेनाच्या तोंडावर तांब्याचं जाड झाकण बसवा. झाकणाच्या आत सगळीकडून झाकणाच्याच तापमानाचं प्रारण येणार, दोन बाजूंतला फरक गेला, ३७० गेले. सापेक्षतेचा दावा नेमका एवढाच आहे: बाहेर न डोकावता, बंद खोलीत केलेल्या कुठल्याही प्रयोगातून हा वेग निघत नाही. बाहेर बघून एखाद्या वस्तूच्या संदर्भात वेग काढायला तिची कधीच हरकत नव्हती, मग ती वस्तू सूर्य असो की विश्वभर पसरलेलं प्रारण. तुमचा मुद्दा उभा राहायचा तर झाकणाच्या आत ठेवलेल्या इंटरफेरोमीटरला ३७० कळले पाहिजेत.

शिवाय सीएमबीची "स्थिर" चौकट विश्वभर एकच नाही. प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेजवळ जे सीएमबीत स्थिर आहे ते इथल्या स्थिर चौकटीपासून दूर पळत असतं. न्यूटनला हवं होतं तसं एकच निरपेक्ष अवकाश यातून हाती लागत नाही.

सान्याकचं कोडं कोडं नाहीच. फिरणं ही एकसारखी सरळ गती नाही, ते विशेष सापेक्षतेतही बंद खोलीतून ओळखता येतं. वेळेतला फरक = ४ × क्षेत्रफळ × कोनीय वेग ÷ प्रकाशवेगाचा वर्ग, आणि हे सूत्र सापेक्षतेतूनही सरळ निघतं. १९२५ मध्ये मायकेलसन, गेल आणि पीअर्सन यांनी इलिनॉयमधल्या क्लिअरिंग इथे ६१२ × ३३९ मीटरचा नळांचा आयत टाकला, आतली हवा काढली आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मोजलं. अपेक्षा ०.२३६ पट्टा, मिळाला ०.२३०. त्या मापनात पृथ्वीची दैनंदिन फिरकी दिसली. कक्षेतले ३० नाहीत, ३७० तर नाहीतच. ईथरवाल्यांनी हा प्रयोग आपल्या बाजूने सांगताना हे वाक्य गाळू नये.

मिलरच्या आकड्यात लोक सहसा फक्त वेग बघतात, दिशा बघत नाहीत. १९३३ च्या लेखातली दिशा विषुवांश ४ तास ५६ मिनिटं, क्रांती उणे साडेसत्तर अंश. सीएमबीची वर दिली आहे. दोन्हींमधला कोन काढा: सुमारे ८५ अंश येतो. म्हणजे जवळपास काटकोन! वेगाचा आकडा जुळवून घेतला तरी ज्या दिशेने जायचं तिच्याशी काटकोनात जाणारा बाण "जवळ आला" कसा म्हणायचा? आणि २०८ ही उपकरणात मोजलेली संख्या नव्हे. मोजलेलं सुमारे १० किमी/से च्या आसपासचं होतं. मिलरने वर्षातल्या चार काळांतल्या दिशांच्या फरकावरून २०८ काढले आणि परिणाम सुमारे वीसपट दबलेला का दिसतो याचं कारण दिलं नाही.

हवेच्या गणिताबद्दल: त्यात माध्यम प्रकाशाला सोबत ओढतं हा भाग नीट धरलेला नाही. फिझोने १८५१ मध्येच वाहत्या पाण्यात ही ओढ मोजली आहे. वेगांच्या बेरजेचं पूर्ण सूत्र वापरलं की उपकरणासोबत चालणाऱ्या माध्यमात "वर्ग वजा एक" वाली संज्ञा संपूर्ण कटते. हवा असो, काच असो, उत्तर शून्य. आणि हे नुसतं कागदावर नाही. काहिल-किट्टो बरोबर असते तर हवेपेक्षा घन माध्यमात परिणाम प्रचंड मोठा दिसायला हवा. शमीर आणि फॉक्स यांनी १९६९ मध्ये पर्स्पेक्सच्या (अॅक्रिलिकच्या) भुजा घेऊन तेच पाहिलं. पर्स्पेक्सचा अपवर्तनांक १.४९, म्हणजे "वर्ग वजा एक" १.२२, हवेच्या दोन हजारपट. काही सापडलं नाही. वेगाची वरची मर्यादा सुमारे ६.६ किमी/से निघाली.

काचकाम

टेबलावरच्या उपकरणाचं सांगतो.

पाट ९० अंशांतून फिरवला तर सरक = २ × भुजा × (वेग ÷ प्रकाशवेग)² ÷ तरंगलांबी. लांबीचं आकुंचन नाही असं धरून हे जुन्या ईथरचं भाकीत. ३० किमी/से ला कंसाचा वर्ग दहा कोटींत एक. तुमच्या ३० सेंमीला सरक ०.००९५ पट्टा. हे घरी दिसणार नाही, प्रश्नच सोडा. ३७० ला कंसाचा वर्ग दहा लाखांत दीड, सरक १.४४ पट्टे. हे डोळ्यांनी दिसेल! तुलनेसाठी: १८८७ मध्ये क्लीव्हलंडला वाटेचे अनेक आरसे वापरून परिणामी भुजा ११ मीटर केली होती. ३० किमी/से ला अपेक्षा ०.४ पट्टा, दिसलेलं ०.०२ च्या खाली. ३७० धरले असते तर साठ पट्टे पळाले असते.

पण १.४४ कधी? दिशा क्षितिजालगत असेल तेव्हाच, कारण तुमचा पाट आडवा आहे. १९ अंश अक्षांशावर ही दिशा पूर्वेच्या थोडी दक्षिणेला उगवते आणि माथ्याकडे ६४ अंशांपर्यंत चढते. तिथे आडवा घटक ०.४४ उरतो, त्याचा वर्ग ०.१९, सरक ०.२८ पट्टा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ही दिशा संध्याकाळी सहाच्या सुमाराला उगवते, मध्यरात्री याम्योत्तरावर (माथ्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे सगळ्यात उंच), पहाटे सहाला मावळते. म्हणजे संध्याकाळी आणि पहाटे मोठी सरक, मध्यरात्री पाचवा हिस्सा. ही चढउतार नाक्षत्र वेळेला (सूर्याऐवजी ताऱ्यांवरून मोजलेल्या वेळेला) बांधलेली असायला हवी: दर दिवशी चार मिनिटं, महिन्याला दोन तास आधी. जूनच्या पहिल्या आठवड्यात याम्योत्तर संध्याकाळी सहाला. तुमचा सिग्नल मार्चमध्येही संध्याकाळी सहाला आणि जूनमध्येही सहालाच मोठा येत असेल तर तो सिंह राशीचा नाही, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीचा आहे.

आता बिघाड. सगळ्यात मोठा शत्रू तापमान, आणि तापमान म्हणजे दोन भुजांमधला फरक, खोलीचं तापमान नव्हे. अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर भुजा बांधल्या आणि एक भुजा दुसरीपेक्षा केवळ ०.०१ अंशाने गरम झाली, तर ३० सेंमी × दर अंशाला दहा लाखांत २३ × ०.०१ = ६९ नॅनोमीटर. प्रकाश जाऊन येतो, म्हणून दुप्पट, १३८ नॅनोमीटर, ०.२२ पट्टा. माणूस जवळ उभा राहिला तरी एवढं होतं. म्हणून धातू टाळा. ग्रॅनाइटची ६० × ६० सेंमीची, ३ सेंमी जाड लादी घ्या (वजन २९-३० किलो भरेल), प्रसरण अॅल्युमिनिअमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे लादी हळू तापते. कडप्पाही चालतो, पण पातळ लादी स्वतःच्या वजनाने वाकते. मायकेलसन-मोर्लेने दीड मीटर चौरस, ३० सेंमी जाडीचा वालुकाश्म पाऱ्यावर तरंगवला होता तो हौस म्हणून नव्हे. पारा घरात आणू नका.

लादीखाली अर्धवट हवा भरलेली स्कूटरची ट्यूब, ट्यूबखाली फिरणारा बेअरिंगचा पाट. ट्यूब कंपनं अडवते. पण पाट लेव्हलमध्ये नसेल तर फिरताना लादीवरचा भार सरकतो, आरशांचे स्टँड किंचित झुकतात, आणि पट्टे फेरीत एकदा पुढे एकदा मागे जातात. हे ओळखायची खूण सोपी: ईथरचा सिग्नल एका फेरीत दोनदा येतो, कारण भुजा १८० अंशांत फिरून त्याच रेषेवर येते. फेरीत एकदाच येणारं जे काही असेल ते झुकाव, वारा किंवा एका बाजूचा गरम स्रोत. सोळा ठिकाणी वाचन घ्या, प्रत्येक वाचनाला दुप्पट कोनाच्या कोसाइनने आणि साइनने गुणून बेरीज करा, तोच घटक ठेवा.

इथेच मिलरचा घोळ आहे. पट्टे फिरण्याशी संबंध नसताना सतत एका बाजूला वाहत असत, आणि हे वाहणं शोधायच्या सिग्नलपेक्षा खूप मोठं होतं. पहिल्या आणि सोळाव्यानंतरच्या वाचनावरून सरळ रेषा ओढून ते वजा केलं जाई. वाहणं सरळ रेषेत नसेल तर उरलेला वाकडा भाग फेरीत एकदा आणि दोनदा येणाऱ्या घटकांत मुरतो, आणि वीस फेऱ्यांची सरासरी घेतली की गोंडस वक्र दिसतो. शँकलंड आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मिलरच्याच वाचनपत्रकांवरून तापमानाचे उतार आणि वाचनातली सांख्यिकी चढउतार यांकडे बोट दाखवलं. तुम्ही सलग दहा फेऱ्या घ्या, वाहणं सरळ रेषेऐवजी वक्र बसवून काढा, मग फिरण्याची दिशा उलटी करून परत दहा. उलट फेरीत सिग्नल आकाशाच्या कोनाशी चिकटून राहतो, वाहणं राहत नाही. फेरीला सहा मिनिटं लागू द्या, १८८७ मध्येही तेवढीच लागत होती. घाईने फिरवलं तर लादी डुलते.

लेझर. लेझर पॉइंटर नको. त्याची तरंगलांबी तापमानाबरोबर उड्या मारते. भुजांत १ मिमी फरक असेल तर वाटेतला फरक २ मिमी, म्हणजे सुमारे तीन हजार तरंगलांब्या; तरंगलांबी ०.२ नॅनोमीटरने हलली की जवळजवळ अख्खा पट्टा सरकतो, आणि तुम्ही त्याला सीएमबी म्हणाल. हीलियम-निऑनच्या छोट्या नळीत मोड (लेझरची नेमकी वारंवारता) बदलला तरी तेवढ्याच फरकाला ०.००७ पट्टा. तरीही भुजा १ मिमीच्या आत सारख्या ठेवा. नळी सुरू करून पाऊण तास तशीच सोडा. आरशावरून परत आलेला प्रकाश थेट नळीत शिरला तर तीव्रता थरथरते. एक आरसा इतपत तिरका करा की परतीचा ठिपका नळीच्या तोंडाच्या बाजूला पडेल. वीजपुरवठा लादीवरच ठेवा, वायर बाहेर लटकवली तर ती लादीला ओढते आणि तुम्हाला फेरीत एकदा येणारा सुंदर वक्र मिळतो.

पट्टे पडद्यावर पाच-सहा दिसतील इतके रुंद ठेवा, मोबाइल लादीला घट्ट बांधा, व्हिडिओ घ्या. सगळ्यावर थर्माकोलची पेटी. पेटी लावून निदान चार तास थांबा, नाहीतर पहिल्या तासात पट्टे नुसते धावत राहतील. मोजणी खरी आहे हे तपासायला एक आरसा हलवून बघा: ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पट्टा.

आणि निकाल लिहिताना फुशारकी नको. ०.०५ पट्ट्यापर्यंत वाचता आलं आणि काही दिसलं नाही, तर जुन्या ईथरच्या हिशोबाने वेग ६९ किमी/से पेक्षा कमी एवढंच सिद्ध होतं. ३७० गेले, ३० शाबूत.

सोनचाफा

उभा फिरवला तर ६४ अंशांवरचं सगळं १.४४ मिळेल ना? आडवा घटक कशाला गमवायचा?

काचकाम

मिळेल कागदावर. उभ्या पाटावर प्रत्येक भुजा आळीपाळीने वर-खाली होते, तिच्या वजनाने स्टँड वाकतात, आणि हे वाकणं फेरीत एकदाही येतं, दोनदाही. तुम्हाला शोधायचा आहे नेमका तोच घटक. आडवा पाट, आणि वेळ निवडा.

खटपट्या

कामाची माहिती, आभार. दिशेचा काटकोन मी कधी काढलाच नव्हता.

पण एक अडतं. समजा ईथर आहेच, आणि ईथर मानणारा भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झ म्हणतो तसं भुजा गतीच्या दिशेने आखूड होतात, घड्याळं मंद होतात. मग १.४४ पट्टे दिसणारच नाहीत, आणि तरी ईथर जिवंत. तुमच्या सगळ्या खटाटोपाने हे कसं फेटाळणार? जीपीएसच्या घड्याळांत तरी ३७० कुठे दिसायला नकोत का?

अक्षांश१९

बरोबर जागी बोट ठेवलंत. जीपीएसचाच हिशोब करून बघू, तो फारसा कुठे दिसत नाही.

ईथर धरा, पृथ्वी त्यातून ३७० किमी/से ने चालली आहे. उपग्रह पृथ्वीभोवती ३.८७ किमी/से ने फिरतो. अर्ध्या फेरीत त्याचा ईथरमधला वेग वाढतो, अर्ध्यात घटतो. घड्याळ अर्धी फेरी जास्त मंद, अर्धी फेरी कमी मंद. फरकाचा दर ३७० × ३.८७ ÷ प्रकाशवेगाचा वर्ग, म्हणजे साधारण एक अब्जात १६. कक्षेचा काळ ११ तास ५८ मिनिटं. हा दर कक्षेभर साठवत गेलं की घड्याळ सरासरीच्या १०९ मायक्रोसेकंद पुढे आणि तेवढंच मागे झुलतं. तेवढ्यात प्रकाश ३३ किमी जातो. जीपीएस रोज ३३ किमीने चुकत नाही. संपला ईथर?

नाही. कारण ईथरवाल्याला एकेरी प्रकाशवेगही बदलावा लागतो. उपग्रह पृथ्वीच्या पुढे असेल तर पृथ्वी सिग्नलकडे धावत येते, सिग्नल लवकर पोचतो. मागे असेल तर उशिरा. किती? कक्षेची त्रिज्या २६,५६० किमी × ३७० ÷ प्रकाशवेगाचा वर्ग. करा: १०९ मायक्रोसेकंद. पुढे असताना घड्याळ १०९ मागे, सिग्नल १०९ लवकर. दोन्ही एकमेकांना गिळतात आणि रिसीव्हरच्या हाती तेच अंतर येतं. ३७० च्या जागी ३७ किंवा ३,७०० घाला, वेगाच्या पहिल्या घातापर्यंत दोन्ही आकडे सोबतच बदलतात, आणि पुढचे बारीक घात आकुंचनात कटतात.

रिसीव्हरला जे दिसतं ते पृथ्वीकेंद्राच्या चौकटीतलं: वेगामुळे दिवसाला ७.२ मायक्रोसेकंद मंद, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५.८ जलद, निव्वळ ३८.६ जलद. म्हणून उपग्रहाचं घड्याळ जमिनीवरच १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झला लावून पाठवतात. त्यात पृथ्वीच्या फिरण्याची सान्याक दुरुस्ती मिळवली की झालं. ३७० ला कुठेच खुर्ची नाही.

तेव्हा लॉरेंट्झचा ईथर, आकुंचन आणि मंदपणा दोन्ही नेमक्या प्रमाणात असलेला, आइनस्टाइनच्या सापेक्षतेइतकीच भाकितं देतो. तो प्रयोगाने फेटाळता येत नाही, तसाच त्यातला ३७० प्रयोगाने सापडतही नाही. तो ठेवायचा की नाही हा पसंतीचा भाग; माझ्या मते ज्या चौकटीचा पत्ता कुठल्याही उपकरणाला कधीच लागणार नाही ती गणितात ओढत नेण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे हर्बर्ट आइव्ह्झ सापेक्षतेचा विरोधक होता, ईथर मानणारा. १९३८ मध्ये स्टिलवेलसोबत वेगवान हायड्रोजनच्या प्रकाशातून घड्याळाचा मंदपणा थेट मोजला तो त्यानेच, आणि त्याचा प्रयोग आज सापेक्षतेच्या पहिल्या पुराव्यांत गणला जातो.

सापेक्षतेला खरंच आव्हान द्यायचं असेल तर "आकुंचन आहे पण नेमकं तेवढं नाही" किंवा "मंदपणा थोडा वेगळा आहे" असं काही दाखवावं लागेल. तीन जागा आहेत. समान भुजा फिरवून आकुंचन तपासायचं, तो मायकेलसन-मोर्लेचा मार्ग. बर्लिनमधल्या २००९ च्या निर्वातातल्या ऑप्टिकल रेझोनेटरनी (आरशांमध्ये प्रकाश अडकवून ठेवणाऱ्या उपकरणांनी) तो १० च्या उणे १७ व्या घातापर्यंत नेला. असमान भुजा महिनोन् महिने न फिरवता ठेवायच्या आणि पृथ्वीचा वेग बदलताना बघायचं, तो केनेडी-थॉर्नडाइकचा, १९३२. आणि मंदपणा थेट मोजायचा, आइव्ह्झ-स्टिलवेलचा. २०१४ मध्ये डार्मश्टाटला प्रकाशवेगाच्या ०.३३८ पट वेगाने धावणाऱ्या लिथिअम आयनांवर तो काही अब्जांशांपर्यंत जुळला. यातलं एक जरी हललं तरी बाकी दोघांशी जुळवून दाखवावं लागतं, आणि तिथेच बहुतेक पर्यायी सिद्धांत अडकतात.

खटपट्या

हे समजलं. मग हवेचा दावा तरी घरी तपासता येईल? लोलक यांनी पर्स्पेक्स म्हटलं होतं.

काचकाम

येईल. हवेत नाही: त्यांच्याच सूत्राने तुमच्या ३० सेंमीला ३७० किमी/से साठी सरक ०.०००८ पट्टा येते, वाचताच येणार नाही. दोन्ही भुजांत १० सेंमीचे सारखे अॅक्रिलिक दांडे ठेवले तर त्याच सूत्राने अर्ध्या पट्ट्याच्या वर सरक यायला हवी. म्हणजे दाव्याच्या बाजूने जितकं मोठं भाकीत हवं तितकं.

अडचण तापमानाची. अॅक्रिलिक तापलं की अपवर्तनांक घटतो, दर अंशाला लाखात साधारण साडेदहा, आणि प्रसरणाने त्यातला तिसरा हिस्सा भरून निघतो. १० सेंमीच्या दांड्याला जाऊन-येऊन हे दर अंशाला २२ पट्टे पडतं. ०.०१ अंशाचा फरक म्हणजे ०.२ पट्टा. बीके-७ काचेचे दांडे मिळाले तर दर अंशाला दोन पट्ट्यांच्या आसपास, दहा पटींनी सुटका. अपवर्तनांक १.५१ असल्यामुळे भाकीत तेवढंच राहतं. मात्र दांड्यांची टोकं पॉलिश केलेली आणि समांतर हवीत, लादीच्या दुकानातल्या कटिंगवर भागणार नाही. समांतर नसतील तर बीम तिरका होतो आणि पट्टे दिसतच नाहीत. दोन्ही दांडे एकाच तुकड्यातून कापून घ्या आणि लांबी ०.१ मिमीच्या आत जुळवा.

आणि दांडे अदलाबदल करून सगळी फेरी परत घ्या. दांड्याचा दोष असेल तर सिग्नलचा कोन ९० अंशांनी उलटेल, आकाशाचा असेल तर हलणार नाही. दोन्ही वेळच्या फेऱ्या नाक्षत्र वेळेप्रमाणे लावून इथे टाका, फक्त दुप्पट कोनाच्या घटकाचा आकडा आणि त्याची त्रुटी, फोटो नकोत.